कौल अडला त्या दिवशी

देवीच्या दारात उभी होते, पण मी त्या दिवशी हातसुद्धा जोडले नाहीत. डोक्यात नुसता जाळ होता. अनुभव सांगायचा तर आधी तो राग सांगायला हवा.

पलूसला माझी आई घसरून पडली होती. खुबा मोडून तीन आठवडे अंथरुणाला खिळलेली. रहिमतपूरहून पलूस काही फार लांब नाही. पण घरी सासूबाईंना अर्धांगवायू. त्यांना सोडून जायचं कसं? यांना विचारलं की एकच उत्तर, "आईजवळ बसायला माणूस कुठाय?" आणि फाल्गुनात पुण्याहून थोरले दीर आणि जाऊबाई फुलं बघायला येणार म्हटल्यावर याच गृहस्थांनी पाच मिनिटांत शेजारच्या काकूंना दिवसभर बसायला तयार केलं! माझ्या आईसाठी माणूस नव्हता, फुलांसाठी मिळाला. पहाटे डब्याची धपाटी थापताना सगळा राग पिठावर काढला.

त्यात जाऊबाईंना हवी होती कासची फुलं. "अहो ताई, ती भाद्रपदात. आत्ता काय वाळकं गवत बघायचंय?" मी फटकन बोलले. मग दिरांनी गाडी मेढ्याकडं वळवली. डोंगर पळसानं लालभडक झाला होता. पांगारा, काटेसावर, सगळं ऐन भरात. जाऊबाई दर वळणाला गाडी थांबवून फोटो काढायच्या. मला म्हणाल्या, "किती भाग्याची गं तू, असल्या मुलखात राहतेस. हस की जरा!" हसतेय कसली, कपाळ माझं!

मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथं कौल लावतात. प्रश्न सांगायचा, मग गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जाऊबाईंना मुलाच्या परदेशातल्या नोकरीचं विचारायचं होतं. गुरवानं कळ्या लावून गाऱ्हाणं घातलं. अर्धा तास झाला तरी एकही कळी हलेना. तेव्हा तो म्हातारा आमच्याकडं वळून म्हणाला, "घरातलं कुणी रुसलंय का? मनात आढी धरून कुणी हुबं असलं की आई बोलत न्हाई बगा. लय येळा बगितलंय."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. घरात कधी आवाज न चढवणारी मी, देवीकडं बघून ओरडलेच, "व्हय, मी रुसलीया! तुज्यावर बी रुसलीया! माजी आई तिकडं कण्हतीया आन् मी हितं फुलं दावत हिंडतीया!" माहेरच्या बोलीत तोंडाला येईल ते बोलत सुटले. काकूंना कसं बसवलं तेही सगळ्यांदेखत सांगितलं. यांची लाज राखली नाही, देवीचीही नाही. बोलता बोलता दम लागला, रडू फुटलं, आणि मूर्तीची उजवी कळी खाली पडली.

वारा आला असेल, पाणी सुकलं असेल. मी वाद घालत नाही.

जाऊबाईंनी मुलाचं नाव परत काढलं नाही. यांना म्हणाल्या, "भावजी, हिची आई पडलीय हे आम्हाला का नाही कळवलं?" आणि लगेच दिरांकडं वळल्या, "मी राहते आठ दिवस सासूबाईंजवळ. हिला आजच्या आज पलूसला पोचवायचं." सकाळपासून जिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच बाईच्या हातून देवीनं माझं काम केलं. मला त्यांच्याकडं बघवेना.

त्यांना आणि यांना घरी सोडून दिरांनी दिवेलागणीला मला पलूसला पोचवलं. मला बघितलं आणि आई कडाडलीच, "आता उगवलीस व्हय? मी मेल्यावर यायचं हुतंस की! लेक म्हनं लेक!" कितीतरी वेळ ती बोलत होती आणि माझं मनगट तिनं गच्च धरून ठेवलं होतं. पाणी आणायलासुद्धा उठू देईना.

मी एका शब्दानं तिला अडवलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, देवाला शरण जायचं म्हणजे तोंड मिटून सोसायचं. आईचं बोलणं खात बसले, तेव्हा उमगलं की दुपारी देवीनं माझं कसं ऐकून घेतलं असेल.