दोन सीटांत तीन कॅन

पुण्याहून उजाडताच निघालो तेव्हा डिकीत पाने, फॅनबेल्ट, फ्यूज, जादा होज, सगळं यादीबरहुकूम होतं. गाडी पन्नासच्या दशकातली, अमेरिकन. दोनच सीटा, उघडा टप, फिकट पिस्ता रंग. मेकॅनिकच्या मानगुटीवर बसून ती मीच नव्यासारखी करून घेतली, म्हणून चालवायची मी. शेजारी नवरा, शिरीष. जायचं होतं लातूरला, नणंदेकडे.

आष्टी मागे पडली आणि हिरवा रंग संपला. नांगरून ठेवलेली रानं, एक छावणी (दुष्काळात जनावरं सांभाळायचा तळ), तिच्यापुढे चढ. चढ संपता संपता होज फुटला. बदलला, पण रेडिएटरमधलं पाणी रस्त्याने पिऊन टाकलं होतं. समोर उतार होता. गाडी तशीच गावात घरंगळत नेली. ती थांबली बायकांच्या सहकारी दूध डेअरीच्या दारात.

एका म्हातारीने गाडीला फेरी मारली. "छप्पर काढूनच ठिवलंय. म्हंजी यंदाबी पाऊस न्हाई, हे पक्कं ठाऊक हाय तुमाला."

सचिव कौशल्याबाई मात्र हसल्या नाहीत. डेअरीचा टेम्पो सकाळीच बिघडला होता आणि तीन कॅन दूध उन्हाच्या तोंडावर उभं होतं. याआधी दोनदा त्यांचं दूध आष्टीच्या शीतकरण केंद्रावर नासलेलं निघालं होतं. आज तिसऱ्यांदा निघालं, तर केंद्र या गावचं दूध घेणंच बंद करणार होतं.

मी पाणी मागितलं. टँकरचं पाणी ठरावाशिवाय देता येत नाही, असं कळलं. लगेच ओट्यावर सभा बसली. गाडीला तीन कळशा पाणी द्यावं, गाडीने दूध पोचवावं. सूचक म्हातारी, अनुमोदक तिची सून. गाडी पळून गेली तर काय, अशी शंका निघाली. त्यावर कौशल्याबाईंनी उपसूचना मांडली, "तवर दाजी हितंच ऱ्हातेल."

शिरीषच्या हातात एव्हाना चहाची बशी आली होती. त्यानेही ठरावाच्या बाजूने हात वर केला.

दोन कॅन डिकीत बसले, झाकण सुतळीने बांधलं. तिसरा कौशल्याबाईंच्या गुडघ्यांत. दुधावर सावली हवी म्हणून कापडी टप ओढला. दोनेक मैलांवर त्या पाय उचलून बसल्या. "ताई, खालून लई भाजतंय." जुन्या इंजिनाची आच पत्र्यातून थेट कॅनच्या बुडाला लागत होती. गाडी पुसायचे माझे मऊ, धुवट फ्लॅनेल आमच्या प्यायच्या पाण्यात भिजवून कॅनखाली कोंबले, उरलेलं पाणी कॅनवर ओतलं आणि आष्टीपर्यंत दोघी कोरड्या घशाने गेलो.

केंद्रावरच्या माणसाने आधी गाडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध काचनळीत उकळलं. फाटलं तर कॅन परत. पहिलं ठीक. दुसरं ठीक. गुडघ्यातल्या कॅनचं दूध उकळताना कौशल्याबाईंनी माझं मनगट धरलं होतं, बांगडी रुतेपर्यंत. नळीत दूध वर आलं आणि तसंच सलग खाली बसलं.

"घ्या ओतून," तो म्हणाला.

परतताना मी टप उघडला. छावणी दिसू लागली तशा त्या म्हणाल्या, "ताई, हळू घ्या. खड्ड्यातून घ्या."

कारण मला उशिरा कळलं. नासलेलं दूध भरल्या कॅनने मुकाट परत येतं. वाजतात ते रिकामे. या गाडीतला एकेक खडखडाट मी शोधून बंद केला होता. आता दिसेल तो खड्डा निवडून घेत गेले. डेअरीला दूध घालणाऱ्या छावणीतल्या बायका चाऱ्याच्या पेंढ्या टाकून रस्त्यावर आल्या. कुणी काही विचारलं नाही. सगळ्या नुसत्या हसत होत्या, आणि माझ्या शेजारी कौशल्याबाई काचेवर हात टेकून मिरवणुकीत बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या.

डेअरीतून शिरीषला सोडवून घेतलं, मांजरसुंब्याला जेवलो, लातूर गाठलं, चार दिवसांनी घरी आलो. मेकॅनिकने गाडी तपासली आणि मागची एक स्प्रिंग गेल्याचं सांगितलं. रस्ता खराब होता का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, रस्ता बरा होता, मीच खराब बाजूने चालवली.