बहिणीचा गिअरबॉक्स आणि माझा हट्ट

मित्रांनो, आज चामोर्शीच्या गॅरेजात माझी चूक कबूल करून आलो.

माझ्या बहिणीचा डावा पाय पोलिओने अधू आहे. क्लचचं पेडल नसलेली ऑटोमॅटिक गाडी घेतल्यापासून ती जंगलातल्या शाळेत शिकवायला एकटी जाते. गेल्या महिन्यात "तेल तेलच असतं" म्हणत त्या गाडीत ऑटोमॅटिकच्या खास तेलाऐवजी साधं गिअर ऑइल मीच हट्टाने टाकायला लावलं. आज गाडी पुढे सरकेना.

सलीमभाऊ मेकॅनिकने गिअरबॉक्सचं खालचं झाकण काढलं. तेल काळं पडलं होतं आणि त्याला जळका वास येत होता.

ते म्हणाले, "आतल्या क्लच-प्लेटा जळाल्या. जुन्या गाडीच्या प्लेटा बसवून देतो, परवा घेऊन जा. किती चालन, अल्ला जाने. पुरा नवा करायचा तं सामान नागपूरहून येईन, वीस दिवस लागन."

मी लगेच म्हणालो, "प्लेटाच बसवा."

बहीण हसली. "काऊन दादा, सभेत भाषण देतं तवा तं मुळापासून बदला म्हणतं! जंगलात बंद पडली तं मले कोण आणन? भाऊ, पुरा खोला."

खरं सांगतो, मला माझी चूक लवकर झाकायची घाई होती. उद्यापासून वीस दिवस मी तिला स्कूटरवर शाळेत सोडणार आहे.

तुमच्या हट्टाची किंमत घरात कोण मोजतं, कधी विचारलंय?