उद्घाटनाची वायर

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात एका छोट्या कॉलेजच्या ऑफिसात मी मोठा बाबू आहे. मोठा तो वयाने. ऑफिसात बाबू दोनच. रोज सकाळी कुडव्याहून गाडीने येतो आणि संध्याकाळी परत जातो. काही वर्षांपूर्वी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला होता, आणि तेव्हापासून ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राचा वैद्य मीच आहे. ही पदवी मला कोणी समारंभात दिली नाही. म्हणूनच बहुधा ती टिकली.

आमच्याकडे चार कम्प्युटर आणि एक प्रिंटर. सगळ्यांच्या वायरी एका छोट्या पेटीत येतात, तिला स्विच म्हणतात. आठ खाचा, समोर आठ हिरवे दिवे, आकार जेवणाच्या डब्याएवढा. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात ही पेटी भिंतीवरच्या खिळ्याला लटकली असती. आमच्याकडे तिला काचेचं, कुलूपबंद कपाट आहे, कारण तिचं उद्घाटन झालेलं आहे.

उद्घाटनाची कल्पना संस्थेच्या सचिवांची. नुसती फीत कापली तर फोटोत कळणार नाही की हे काय आहे, म्हणून प्रमुख पाहुण्यांनी स्वतःच्या हाताने वायर जोडावी, असं ठरलं. खऱ्या वायरी पंधरा दिवस आधीच जोडून झाल्या होत्या आणि कामही सुरू होतं. त्या काढायच्या कशाला, म्हणून एक वेगळी पिवळी वायर आणली. तिला सॅटिनची लाल फीत बांधली. पाहुण्यांनी वायरीचं एक टोक रिकाम्या खाचेत दाबलं, खट् आवाज झाला, टाळ्या पडल्या. दुसरं टोक कुठेच जात नव्हतं. पाहुण्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. नंतर ती वायर काढायची हिंमत कोणालाच झाली नाही. साहेबांच्या हातची वायर! तिची गुंडाळी करून कपाटातच ठेवली. एक टोक खाचेत, दुसरं लोंबतं, मधे फीत. कपाटावर फोटो. किल्ली सचिवांकडे.

गेल्या हिवाळ्यात तपासणी समिती येणार असल्याचं पत्र आलं आणि ऑफिसात सफाई सुरू झाली. सफाईच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चारही कम्प्युटरांचं नेट बंद.

एरवी मी चहा घेऊन, दमाने पाहिलं असतं. पण त्या दिवशी साडेअकराला एक बाई आली, तिशीतली, बोदलकस्याची. नवरा तिथल्या तलावावर मासेमारी करतो. लग्नानंतर, दोन लेकरं सांभाळत तिने आमच्याकडून बीए केलं होतं. मुलींच्या वसतिगृहाच्या गृहपाल पदासाठी तिची निवड झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नागपुरात कागदपत्रं तपासणी होती. बाकी सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, इस्त्री केल्यासारखे. फक्त पदवीचं प्रमाणपत्र नव्हतं. विद्यापीठाने मंजूर केलेलं होतं. पोर्टलवरून काढायचं, छापायचं, शिक्का मारायचा, प्राचार्यांची सही घ्यायची. पाच मिनिटांचं काम.

"नाई भेटलं तं?" तिने विचारलं.

"तर ते यादीतलं पुढचं नाव घेतील," मी म्हणालो. खोटं बोलून उपयोग नव्हता. तिने जाहिरात माझ्यापेक्षा बारकाईने वाचली होती.

ती बाकावर बसली. नवरा दाराशी, हातात मोटरसायकलची चाबी. गोंदियाहून संध्याकाळची गाडी धरायची, म्हणून पाचच्या आत निघायचं होतं.

मी कामाला लागलो. कम्प्युटर बंद-चालू केले. टेबलाखाली शिरून प्रत्येक वायर दाबून पाहिली. सापडला तो एक जुना पेन, जो हरवल्याबद्दल मी दुसऱ्या बाबूवर दोन वर्षं संशय घेतला होता. बाहेरून येणारी लाईन ठीक होती, मोडेमचा दिवा शांत हिरवा. मोबाइलचं नेट जोडून पाहिलं, तर पोर्टल म्हणालं की आम्ही फक्त कॉलेजच्या नोंदलेल्या कनेक्शनवरूनच उघडतो. सुरक्षेसाठी. आमची पोर्टलं आमच्यापासून फार सुरक्षित असतात.

मग या वायरी बसवून देणाऱ्या गोंदियाच्या ठेकेदाराला फोन लावला. त्याच्यामागे बँड वाजत होता.

"सर, रीस्टार्ट किया?"

"तीन बार."

"एक बार और करो."

केलं. कपाटाला कुलूप असलं तरी स्विचचं बटण बाहेर भिंतीवर आहे. बंद केलं, चालू केलं. नेट आलं! मी पोर्टल उघडलं, नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि पान अर्ध्यावर गोठलं.

"स्विच उड गया आपका," ठेकेदार म्हणाला. "नया लगेगा. कल आता हूँ, पक्का."

"आज?"

"आज तो साले की शादी है, सर."

ही अडचण अशी, की तिच्यावर माणूस रागावूही शकत नाही.

दोन वाजले. साडेतीन वाजले. मी बटण दाबत होतो, नेट येत होतं, जात होतं. प्राचार्य दोनदा डोकावून गेले. सही करायला ते हजर होते, कागद तेवढा नव्हता. बाई पिशवीतले कागद काढून, मोजून, परत ठेवत होती. तेच मला सहन होईना. आरडाओरडा करणाऱ्याला उत्तर देता येतं.

दाराशी उभा असलेला तिचा नवरा मात्र कपाटाच्या काचेतून त्या दिव्यांकडे पाहत होता. तासन्तास पाण्याकडे पाहायची सवय असलेला माणूस.

"सर जी," तो म्हणाला, "रागावू नका, पण हा डब्बा मेला नाई. तुमी बटन दाबता तं थोडा वेळ दिवे एकेक करून लागतेत, बराबर. मंग एकदमच सारे फडफडतेत. जाळ्यात काईतरी घुसलं का असंच होते."

मी पुन्हा बटण दाबलं आणि या वेळी कम्प्युटरकडे न पाहता दिव्यांकडे पाहिलं. खरंच. आधी एक लुकलुकला, मग दुसरा, आपापल्या चालीने. अर्ध्या मिनिटाने सगळे एका दमात, वेड लागल्यासारखे. मेलेली वस्तू अर्धा मिनिट नीट चालत नाही. स्विच ठीक होता. त्याच्या आत कोणीतरी गोंधळ घालत होतं. म्हणजे कपाट उघडून वायरी एकेक करून काढून पाहणं आलं.

सचिवांना फोन केला. ते गोंदियात कुठल्याशा सत्कारात होते.

"त्या कपाटाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "समिती येतेय. साहेबांच्या हस्ते झालेलं काम आहे ते."

"सर, एका बाईच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"प्रश्न सगळ्यांचेच असतात," ते म्हणाले, आणि मागे टाळ्या पडल्या. त्यांच्या वाक्याला नसाव्यात.

मी फोन ठेवला. कोपऱ्यात आमच्या शिपाई मावशी चहाचे कप विसळत होत्या.

"चाबी पायजे का जी? माझ्यापाशी हाय."

"तुमच्यापाशी? कशी काय?"

"काल पुसासाठी देल्ली सचिव सायबानं. वापस करायची राहून गेली."

"मग सकाळपासून सांगितलं काऊन नाही?"

"कोनं विचारलं?" मावशी म्हणाल्या. "तुमी तं टेबलाखाली होते."

मी सांगितलं की सचिवांनी हात लावायला मनाई केली आहे. मावशींनी पदराला हात पुसले. "हात लावाची मनाई तुमाले हाय. मले तं पुसाची परवानगी हाय न? एक काच राहिलीच हाय पुसाची." आणि फडकं घेऊन त्यांनी कुलूप उघडलं.

आत सगळं चकचकीत होतं. वायरी सरळ, धूळ नाही. आणि ती पिवळी वायर, लाल फितीसकट, कमानीसारखी उभी. तिचं एक टोक पाहुण्यांनी लावलेल्या खाचेत. दुसरं, जे इतके दिवस लोंबत होतं, शेजारच्या रिकाम्या खाचेत.

"मावशी, हे कोणी लावलं?"

"मी. आणखी कोन?" त्या जराही न बिचकता म्हणाल्या. "तुमीच तं काल म्हनलं, जे लोंबतं दिसंल ते जागेवर खोचून टाका, समिती येऊन राहिली. जागा रिकामी होती. खोचलं."

म्हटलं होतं मी. अगदी याच शब्दांत, खुर्चीवरून न उठता.

एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच पेटीत गेली, की पेटीने पाठवलेला निरोप वळसा घेऊन तिच्याचकडे परत येतो. पेटीला वाटतं नवा आहे. ती तो सगळ्यांना पुन्हा पाठवते, तो पुन्हा परत येतो, आणि अर्ध्या मिनिटात खऱ्या कामाला वाटच उरत नाही. आमच्या संस्थेची परिपत्रकं मी बरीच वर्षं हाताळत असल्यामुळे हे समजायला मला जड गेलं नाही.

मी टोक उपसलं. दिवे दचकले, विझले आणि एकेक करून, सावकाश लागले. आम्ही चौघं दिव्यांकडे पाहत उभे. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट. दिवे आपापल्या चालीने लुकलुकत राहिले.

"आता बराबर," तिचा नवरा म्हणाला.

चार वाजून दहा मिनिटांनी प्रिंटरमधून कागद बाहेर आला. तो अडकेल म्हणून मी दोन्ही हात खाली धरले होते, नवजात बाळाला झेलावं तसे. अडकला नाही. प्राचार्यांनी सही केली, मी शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून मावशींनी फुंकर घातली. बाईने कागद घेतला, स्वतःचं नाव वाचलं, मग आईचं, मग पुन्हा स्वतःचं. पिशवीत ठेवला. आभार वगैरे मानले नाहीत. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "सर, मी सकाळपासून पानी पन पेली नाई." मावशींनी ग्लास भरून दिला. ती उभ्यानेच गटागटा प्यायली आणि दोघं निघाले. मोटरसायकलचा आवाज गोंदियाच्या दिशेने गेला तेव्हा कुठे मला आपण दुपारचा डबा उघडलाच नसल्याचं आठवलं. थंड पोळी इतकी चांगली लागते हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता तिचा मेसेज आला. "झालं जी सर. सारे कागद चालले."

मी तो मोठ्याने वाचून दाखवला. मावशींनी मान डोलावली आणि कपाटाकडे बोट केलं. पिवळी वायर आत होती, फीत सरळ केलेली, एक टोक खाचेत, दुसरं लोंबतं.

"लोंबू द्याचं का तसंच?" त्यांनी विचारलं. "समिती आली तं?"

"लोंबू द्या," मी म्हणालो. "समितीने विचारलं, तर सांगा साहेबांनी असंच लावलं होतं."