तोंड दिसेल असा उजेड

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, तात्यापारा मोहल्ल्यातल्या दिव्यांच्या दुकानातल्या त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. मागच्या अंगणात लावायला म्हणून मी माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत "एक माला दीजिए" म्हणालो, तर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "फोटो पे चढ़ाना है, भैया?"

"अहो नाही! दिव्यांची! मुलगी येतेय माझी."

त्या खळखळून हसल्या आणि मराठीवर आल्या. "मंग झालर म्हणा ना, भाऊ! मले वाटलं, गेलं कोणी."

प्रत्येक झालर पेटवून त्या बल्बाखाली आपला तळहात धरत, रेषा दिसतात का बघत. मी रंगीत, लुकलुकणारी उचलली. मुलीच्या लग्नाला मी हट्टानं गेलो नव्हतो. आता तिची माफी मागायची आहे, हे घरातही बोललो नव्हतो, ते त्यांना सांगून बसलो.

त्यांनी माझ्या हातातली झालर काढून घेतली. "हे नका नेऊ. माफी मागून राहिले न? मंग तिले तुमचं तोंड दिसलं पाहिजे." आणि साध्या पिवळ्या बल्बांची दिली.

संध्याकाळी मुलगी अंगणात येऊन बसली. मी सवयीनं भिंतीकडच्या अंधारात खुर्ची टाकली होती. ती खुर्ची उचलून मी बल्बाखाली आणली.