माशी नसलेलं घर

भैंशाजवळच्या एका लहान सरकारी दवाखान्यात मी रक्त-लघवी तपासायची. तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता. कागद तेलुगूत, डॉक्टरांशी बोलणं हिंदीत आणि रोग्यांशी मराठीत. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी जोरात होती. त्या दिवसांत मुधोळच्या बाजूच्या एका गावची बाई आमच्याकडे पुन्हा आली. त्याआधी दोनदा येऊन गेली होती.

लक्षणं तीच. अंग घामानं ओलं, तोंडातून लाळ, दंडाच्या कातडीखाली मांस आपोआप थडथडत असलेलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. लख्ख दुपारी माझ्याकडे बघत ती म्हणाली, "दिवा लावा ना बाई. अंधार काऊन केला?"

दवाखान्यात राहिली की ती बरी व्हायची. घरी गेली की पुन्हा पडायची. तिचा नवरा शेतकरी, शांत माणूस. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, इथं तिले काही होत नाही. घरातच होते. लोक म्हनतात, भानामती हाय." शेजारची एक विधवा म्हातारी तिला ताक आणून द्यायची. गावानं बोट त्या म्हातारीकडे दाखवलं होतं.

आमचे डॉक्टर तेलुगू. त्यांना हे फवारणीच्या औषधाचं काम वाटत होतं. पण बाई काही प्यायली नव्हती, आणि फवारणी तर केव्हाच संपली होती. मी तिचं रक्त काढलं, ताडून बघायला माझंही. दोघींच्या रक्तावर सुटलेलं पाणी दोन नळ्यांत घेऊन त्यात निळा रंग आणि तपासणीचं रसायन टाकलं. चांगल्या रक्तात हा निळा हळूहळू पिवळा होतो. फवारणीचं विष अंगात असलं तर होत नाही.

माझी नळी हिरवट झाली, मग पिवळी. तिची निळीच राहिली. मी डबा खाऊन आले तरी निळीच. पलीकडच्या खोलीत ती नवऱ्याशी बोलत होती, तिचा आवाज मला ऐकू येत होता, आणि इथं तिच्या रक्तात काही हलत नव्हतं. मी ती नळी फडक्याखाली झाकून ठेवली.

"जहर बदन में टिकता नहीं," डॉक्टर म्हणाले. "टूट जाता है. टुकडे पेशाब में आते हैं." लघवी बर्फात घालून हैदराबादला पाठवली. काही दिवसांनी तिथून कळलं, तुकडे सापडले.

मला वाटलं, सुटली म्हातारी. झालं उलटंच. नवऱ्यासोबत आलेला त्याचा चुलता ऐकून घेत होता. तो म्हणाला, "म्हंजे तिनं मंदूच घातला." तेलुगूत मंदू म्हणजे औषध. फवारायचंही तेच, आणि करणी करून खाऊ घालतात तेही तेच. त्याच दिवशी गावानं म्हातारीचं दार फोडलं. ती नेसत्या लुगड्यानिशी मुधोळला लेकीकडे पळाली.

म्हातारी गेली, ताक बंद झालं. बाई घरी गेली आणि पुन्हा पडली. तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "चलो, घर देखना पडेगा."

आम्ही गेलो तेव्हा सकाळ होती. ओसरीवर पोरं खेळत होती, गुळाच्या खड्याला माश्या लागल्या होत्या. आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिथं आवाजच नव्हता. आढ्यापर्यंत कापूस भरलेला, पांढराशुभ्र, आणि त्याच्या कडेनं जमिनीवर मेलेल्या मुंग्या, झुरळं, एक वाळलेली पाल. एकही माशी नव्हती. कापसात माणसाच्या अंगाचा खळगा पडला होता.

"ती इथंच निजते," नवरा म्हणाला. "थंडी लागते तिले. आमी समदे ओसरीवर."

डॉक्टरांनी वर बघितलं. खळग्याच्या वरच माळ्यावर फवारणीच्या औषधाचा पत्र्याचा डबा होता. नवऱ्यानं नाकाला फडकं बांधून तो उतरवला आणि तसाच धरून उभा राहिला. "हा तं भरला होता," तो हळूच म्हणाला. डब्याचं बूड गंजून गेलं होतं.

मूठभर कापूस मी चिमट्यानं बाटलीत भरून आणला. तो भिजवून त्याचं पाणी माझ्याच रक्ताच्या नळीत टाकलं. या वेळी माझी नळी निळी राहिली. मी बराच वेळ आपला हात चोळत बसले होते.

तो कापूस गावाबाहेर खोल खड्ड्यात पुरला, खोली सारवली. बाई सावरली. तिच्या नवऱ्यानं मुधोळला जाऊन म्हातारीचे पाय धरले, असं मी ऐकलं. म्हातारी गावात परत गेली नाही.

पण एक दिवस ती माझ्याकडे आली. बाकड्यावर बसून तिनं दंड पुढे केला. "माह्यं बी रगत पाहून घ्या बाई."

"तुम्हाला काय होतंय, आजी?"

"काही नाही. पर समदं गाव म्हनून राह्यलं होतं. मले बी वाटाले लागलं, असंल माह्यात काही."

मी रक्त काढलं. नळी पिवळी होईपर्यंत ती पापणी न हलवता बघत होती. "पाहा, काही नाही," मी म्हटलं. तिनं मान हलवली, पण उठली नाही. मग म्हणाली, "आजून एक डाव पाह्यता का?"

मी पुन्हा पाहिलं.