सगळ्यांचा आधी डावा डोळा

आमच्या वहिनी विद्यापीठाच्या दवाखान्यात डॉक्टर आणि दादा तिथल्याच तलावावर पोहण्याचा प्रशिक्षक. दादा पोरांना पाण्यात ढकलतो, वहिनी त्यांच्या कानातलं पाणी काढतात. संसार असा एकमेकांना धरून चाललेला.

त्या वर्षी डोळ्यांची साथ आली. दवाखान्याबाहेर लाल डोळ्यांची रांग लागली आणि जो तो तलावाकडे बोट दाखवू लागला. खबरदारी म्हणून वहिनींनीच तलाव बंद करायला लावला. दादाच्या पोरांची स्पर्धा तोंडावर आलेली. त्यात कुलगुरूंनी जाहीर केलं, की साथ तलावातून आलेली निघाली तर तो वर्षभर कोरडा राहील.

दादानं अबोला धरला. जेवताना मला म्हणाला, "तुझ्या वहिनीला सांग, मीठ दे."

"तुझ्या दादाला सांग, मीठ त्याच्या कोपराशी आहे. आणि तलावाची चूक निघाली तर मी पाठीशी घालणार नाही, हेही सांग."

पण वहिनींना एक गोष्ट खटकत होती. जो येई त्याचा आधी डावा डोळा आलेला, उजवा मागाहून. पाण्याला डावं-उजवं कुठलं कळायला? शिवाय निम्म्यांना पोहताच येत नव्हतं.

मग एक मुलगी आली, तिचा मात्र आधी उजवा. ती डाव्या हातानं डोळे टिपत होती.

"डावखुरी का गं तू? आणखी काय काय करतेस या हातानं?"

"सगळंच. प्रयोगशाळेत आकृत्यासुद्धा. सगळे डावा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून उजव्यानं कागदाकडे बघतात. माझं उलटं. सर रोज हसतात."

वहिनी तडक जीवशास्त्र विभागात. तिथे तुकडीमागून तुकडी सूक्ष्मदर्शकांच्या त्याच नळ्यांना डोळे लावत होती. मधे पुसायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आमच्या प्रयोगशाळेतून साथ?" विभागप्रमुख ताठले. "अहो, आम्ही जंतूच शिकवतो."

"तुमचे जंतू बशीत शिस्तीत बसतात, सर. हे बाहेरचे आहेत."

सर खो खो हसले आणि जंतुनाशकाची बाटली घेऊन स्वतःच पुसायला लागले. प्रत्येकानं डोळा लावला की नळी पुसायची, आजाऱ्यांनी खोलीवरच थांबायचं, टॉवेल ज्याचा त्याचा. रांग आखडत गेली आणि एका सकाळी दवाखान्याबाहेरचं बाक रिकामं दिसलं. तलावाचं पाणीही तपासणीत निर्दोष निघालं.

स्पर्धेआधीच तलाव उघडला. वहिनी दारात उभ्या राहून एकेकाचे डोळे तपासूनच आत सोडत होत्या. शेवटी दादा.

"वर बघ. खाली बघ. आता माझ्याकडे."

दादानं बघितलं.

"राग आहे अजून."

"डोळ्यांत दिसतो?"

"नाही, मिशीत. जा आत."

पोरं कपडे बदलतायत तोवर आतून धप्पकन आवाज आला. प्रशिक्षकांनी शर्ट-पँट, शिट्टी, घड्याळासकट उडी मारली होती.