मामांनी रोज शंभरावर नेलेली गाडी

माझे सासरे नेमगोंडामामा यांच्याबद्दल चार शब्द चांगले लिहायला मला कुणी सांगू नये. कबनूरला त्यांचे बत्तीस यंत्रमाग. जैनांच्या दशलक्षण पर्वात, उपवासाच्या दिवसांत, हा माणूस दोन घास कमी खाऊन उठतो, आणि वर्षभर दुसऱ्याच्या ताटाकडं बघतो.

लग्नानंतरही मी शाहूपुरीतली नोकरी सोडली नाही, हे त्यांना खुपलं. जाऊन येऊन साठ किलोमीटर. माझी चारचाकी इलेक्ट्रिक गाडी होती म्हणून नोकरी टिकली. "गाडी बसली की अनुजा घरात बसंल," असं मामांनी पाव्हण्यारावळ्यांसमोर जाहीरच केलं होतं.

म्हणून मी बॅटरीला जपायचे. ऐंशी टक्के झाले की वायर काढायची, वीसच्या खाली उतरू द्यायची नाही. शंभर फक्त लांब जायचं असेल तेव्हा, तेही निघायच्या जरा आधी. उन्हातून आली की निवल्याशिवाय प्लग लावायचा नाही. आणि सकाळी बघावं तर वायर परत लावलेली, गाडी शंभरावर. सुट्टीदिवशी तर तशीच भरलेली गाडी मागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर तापत उभी.

"मामा, अशानं बॅटरी लवकर मरते."

"लाईट हाय तवर भरून घ्यायचं. माग असंच चालवलं आम्ही. तू मला शिकवू नगंस."

मला ते पटायचंसुद्धा. लाईटचा भरवसा नसलेल्या मागवाल्याला टाकी, इन्व्हर्टर सगळं भरलेलं बघितल्याशिवाय झोप लागत नाही. अडाणीपणा म्हणून मी सोडून द्यायचे. मूर्खच मी.

तीन वर्षांत गाडीचा पल्ला चांगलाच घटला. मामा खुशीत माझ्याबरोबर शाहूपुरीच्या गॅरेजला आले, गाडी विकायला गिऱ्हाईक बघायला. गॅरेजवाल्या पृथ्वीराजनं गाडीला लॅपटॉप जोडला, आणि मामांकडं बघून थबकला.

"पावणं, गाडी नवी असताना तुम्हीच आलतासा न्हवं? बॅटरी कशानं लवकर खराब हुती इचाराय? शंभर करून उन्हात ठेवू नका म्हणून सांगितलंतं की मी! आन् रोज त्येच केलासा व्हय?"

मामांची मान खाली गेली नाही. "मग काय करायचं? तोंडानं सांगून ऐकती का ही?"

माझ्या अंगाचा जाळ झाला. तीन वर्षं ज्याला मी अडाणी समजत होते, तो सगळं शिकून आला होता.

"अजून पुरंल ताई," पृथ्वीराज हळूच म्हणाला. "ऐंशीच्या वर नेऊ नका. रोजच्या जाण्यायेण्याला अजून पाच-सहा वर्षं काळजी न्हाय."

मी आत बसून दारं लॉक केली. मामा पुढचं दार ओढायला लागले. मी काच चार बोटं खाली केली.

"स्टँडवरनं एसटी धरा. आणि गाडी आता ऑफिसातच चार्ज होणार. मी घरात बसणार नाही, मामा."

ते काचेवर हात आपटत होते. मी निघाले.